घसादुखी आणि आरोग्यविम्याचा अर्ज : काय लिहावे, कसे लिहावे, कधी थांबावे

श्रावणात वास्कोचा भजनी सप्ताह आला की तिथपासून चवथीच्या आरत्या संपेपर्यंत गोव्यात घरोघरी कोणाचा ना कोणाचा घसा बसलेला असतो. बाहेर पाऊस, घरात ओल आणि घुमटाच्या तालावर वरच्या पट्टीत गायलेल्या आरत्या, या सर्वांचा तो एकत्रित प्रसाद असतो. नेमक्या याच दिवसांत एखाद्याने खासगी आरोग्यविम्याचा अर्ज भरायला घेतला, तर गेल्या काही काळात डॉक्टरांचा सल्ला किंवा उपचार घेतले आहेत काय, या प्रश्नापाशी त्याचा हात थांबतो. आठवड्यापूर्वी गावातल्या डॉक्टरांकडून घशासाठी गोळ्या आणलेल्या असतात. ते लिहावे की लिहू नये, आणि लिहिले तर हप्ता वाढेल काय, ही त्याची अडचण असते.

अर्ज भरून देण्याच्या कामात मला दोन प्रकारची माणसे भेटतात. पहिला ‘घसा तर होता, त्यात सांगण्यासारखे काय’ असे म्हणून सगळ्याच प्रश्नांपुढे ‘नाही’ अशी खूण करतो आणि त्या ओघात सांगण्यासारख्या दोन गोष्टीही गाळून टाकतो. दुसरा इतका प्रामाणिक असतो, की ‘घशाचा जुना त्रास आहे’ असे मोघम वाक्य लिहून आठ दिवसांच्या सर्दीला स्वतःच्या हाताने जुनाट आजार बनवून ठेवतो. दुसऱ्याची चूक एका पत्राने दुरुस्त होते; पहिल्याची चूक मात्र बहुधा रुग्णालयात दाखल झाल्यानंतर उघडकीस येते.

साधी, एकदा आलेली आणि बरी झालेली घसादुखी जोखीम-मूल्यांकनात जवळजवळ काहीच वजन टाकत नाही. वजन पडते ते तिच्याविषयी कागदावर जे अर्धवट राहते त्याचे. कारण लिहिलेले नाही, किती वेळा झाले ते कळत नाही, संपले की अजून चालू आहे याचा पत्ता नाही, अशी नोंद समोर आली की मूल्यांकन करणारा अधिकारी, म्हणजे अंडररायटर, सावध होतो.

अंडररायटर घशात काय शोधतो

हे समजून घेतले की अर्जात काय लिहायचे ते आपोआप सुचते. बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते आणि आठवड्याभरात आपसूक बरी होते. अशा घसादुखीसाठी विमा कंपनीला कधी काही द्यावे लागत नाही, कारण नेहमीच्या पॉलिसीत बाह्यरुग्ण तपासणीची फी आणि गोळ्यांचा खर्च धरलेलाच नसतो व दाव्यासाठी साधारणपणे २४ तासांचे रुग्णालयातील वास्तव्य लागते. मग अधिकारी घशाकडे पाहतोच कशाला? घशाची तक्रार ही कधीकधी दुसऱ्या कशाची तरी वर्दी असते, म्हणून.

पहिली गोष्ट स्ट्रेप्टोकोकस जिवाणूची. मुलांमधील घसादुखीपैकी सुमारे २० ते ३० टक्के आणि प्रौढांमधील सुमारे ५ ते १५ टक्के घसादुखी या जिवाणूच्या ‘अ’ गटामुळे होते. वेळेवर आणि पूर्ण मुदतीची प्रतिजैविके घेतली तर ती बरी होते. तसे झाले नाही, तर काहींना दोन-तीन आठवड्यांनंतर संधिवाती ताप येतो, सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपांना इजा होते. काहींच्या मूत्रपिंडांना सूज येते. त्यामुळे लहानपणी घसा आणि सांधे दुखल्यानंतर ज्यांना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागत असे, अशा व्यक्तीने अर्जात केवळ ‘लहानपणी घसा दुखायचा’ असे लिहिणे पुरेसे नाही. तिथे प्रश्न हृदयाच्या झडपेचा आहे, आणि अधिकारी टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) तपासणी मागणार हे गृहीत धरावे. गोव्यातल्या पन्नाशी-साठीतल्या काही अर्जदारांना ‘इंजेक्शने चालू होती’ एवढेच आठवते, कशासाठी ते आठवत नाही. त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून मगच अर्ज भरावा.

दुसरी गोष्ट टॉन्सिलची. वारंवार सुजणाऱ्या टॉन्सिलबाबत कान-नाक-घसा तज्ज्ञांमध्ये एक प्रचलित मोजमाप आहे : एका वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षे दरवर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी तीन वेळा नीट नोंदलेला त्रास झाला, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. म्हणजे ‘वारंवार’ हा शब्द अंडररायटरच्या कानाला शस्त्रक्रियेच्या संभाव्य खर्चासारखा ऐकू येतो. तुमचे ‘वारंवार’ म्हणजे वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि चवथीला, एवढेच असेल, तर तो शब्द वापरूच नये, आकडा लिहावा. टॉन्सिलशेजारी पू झाला होता आणि तो काढावा लागला होता, तर ते मात्र स्पष्ट लिहावे. मोठ्या टॉन्सिलमुळे मूल झोपेत घोरते आणि त्याचा श्वास अडखळतो असे डॉक्टरांनी नोंदवले असेल, तर तेही लिहावे.

तिसरी गोष्ट आवाजाची, आणि ती इथे विस्ताराने सांगण्यासारखी आहे, कारण गोव्यात भजनी मंडळी आहेत, जात्रेतल्या नाटकांत रात्रभर उभे राहणारे नट आहेत, शाळेत चाळीस मुलांपुढे बोलणारे शिक्षक आहेत. आवाज बसणे त्यांच्या कामाचाच भाग असतो. तरीही तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज बसलेला राहिला, विशेषतः व्यक्ती सिगारेट ओढणारी, तंबाखू खाणारी किंवा नियमित मद्य घेणारी असेल, तर डॉक्टर दुर्बिणीने स्वरयंत्र पाहण्याचा सल्ला देतात. कारण स्वरतंतूंवरील गाठीपासून पोटातील आम्ल वर येण्यापर्यंत आणि क्वचित कर्करोगापर्यंत काहीही असू शकते. अर्जात ‘आवाज बसतो’ आणि दोन पानांनंतर ‘दिवसाला आठ सिगारेटी’ असे लिहिलेले असेल, तर अधिकारी ही दोन वाक्ये जोडून वाचतो. दुर्बिणीच्या तपासणीचा अहवाल जोडलेला असेल तर प्रस्ताव लगेच पुढे जातो. नसेल तर तो तिथेच अडकतो. हा अहवाल केवळ विम्यासाठी नव्हे, स्वतःसाठीसुद्धा असावा, असे माझे मत आहे.

मधुमेह असलेल्या व्यक्तीच्या घशाला पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग होत असेल, तर साखर आटोक्यात नाही काय, एवढाच प्रश्न विचारला जातो. खाणपट्ट्यात धुळीत काम केलेल्यांच्या खोकल्याबाबत छातीचा एक्स-रे मागितला गेला तर आश्चर्य वाटून घेऊ नये.

प्रश्न नीट वाचा, मग उत्तर द्या

प्रत्येक कंपनीच्या प्रस्ताव अर्जातील प्रश्नाची शब्दरचना वेगळी असते. काही अर्जांत किरकोळ सर्दी-ताप स्पष्टपणे वगळलेला असतो. काहींत ठरावीक मुदत असते. काहींत ‘कधीही’ असा शब्द असतो आणि तो फार लांब हात पसरणारा शब्द आहे. जो प्रश्न विचारला आहे त्याचे पूर्ण उत्तर द्यावे. न विचारलेल्या गोष्टींची आत्मकथा लिहू नये. किरकोळ सर्दी-ताप वगळलेला असेल आणि तुमची घसादुखी तीन दिवसांत मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी बरी झाली असेल, तर ‘नाही’ हे उत्तर खरे आहे. वगळलेला नसेल आणि तुम्ही डॉक्टरांकडे गेला असाल, तर ‘होय’ लिहावे आणि पुढच्या रकान्यात एकच भरीव वाक्य द्यावे. नमुना असा :

‘ऑगस्टमध्ये चार दिवस घसादुखी व ताप, डॉक्टरांनी तीव्र घसादाह असे निदान केले, पाच दिवसांची औषधे घेतली, पूर्ण बरे वाटले, त्यानंतर आजवर त्रास नाही, गेल्या तीन वर्षांतील ही दुसरी वेळ, रुग्णालयात दाखल व्हावे लागले नाही, शस्त्रक्रियेचा सल्ला दिलेला नाही.’

या वाक्यात महिना आहे, निदान आहे, उपचार आहे, शेवट आहे आणि आकडा आहे. ‘तीव्र’ या शब्दाचा वैद्यकीय अर्थ अचानक आलेला आणि थोड्या काळाचा असा आहे, फार मोठा असा नाही, हेही लक्षात ठेवावे. कित्येक अर्जदार तो शब्द घाबरून खोडतात आणि त्याजागी ‘जुना’ लिहितात. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत तीव्र घसादाह जे०२ खाली, तीव्र टॉन्सिलदाह जे०३ खाली आणि टॉन्सिल-अॅडेनॉइडचे जुनाट आजार जे३५ खाली येतात. केसपेपरवर घाईत पडलेला एक संकेतांक किंवा ‘क्रॉनिक’ हा एक शब्द तुम्हाला एका गटातून उचलून दुसऱ्यात टाकतो.

म्हणून अर्जापूर्वी आपले कागद स्वतः वाचावेत. बांबोळीच्या गोमेकॉतील (गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील) असोत, म्हापशातील वा मडगावातील जिल्हा रुग्णालयातील असोत, जवळच्या आरोग्य केंद्रातील असोत की खासगी दवाखान्यातील; केसपेपर प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवण्याची आपली पद्धत आहे, ती पिशवी एकदा उघडावी. एखादी नोंद वस्तुस्थितीला सोडून असेल, तर त्या डॉक्टरांना भेटून त्रास केव्हा झाला, किती वेळा झाला आणि आज घशाची स्थिती काय आहे, हे सांगणारे प्रमाणपत्र मागावे. हे मागण्यात काहीही गैर नाही. जुना कागद बदलून घेणे किंवा तारीख मागेपुढे करवून घेणे मात्र सरळ फसवणूक ठरते, आणि कोणी एजंट तसे सुचवत असेल तर त्याच्याकडून अर्ज भरूच नये.

अर्ज एजंटने भरला तरी सही तुमची असते. सही करण्यापूर्वी, किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी देण्यापूर्वी, आरोग्यविषयक उत्तरे स्वतः वाचावीत. सगळीकडे ‘नाही’ची खूण करून अर्ज दोन मिनिटांत पाठवणारा एजंट तुमचा वेळ वाचवत नाही.

घसा दुखत असताना तपासणीला जाऊ नका

ही सूचना साधी आहे, पण तिच्यामुळे वाचणारा त्रास मोठा आहे. वय, विम्याची रक्कम किंवा आधीचे आजार पाहून कंपनी रक्त, लघवी, ईसीजी अशा तपासण्या सांगते. अंगात जंतुसंसर्ग असताना पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात, ईएसआर आणि सीआरपी हे शरीरातील दाह दाखवणारे आकडे वाढतात, तापामुळे लघवीत तात्पुरती प्रथिने दिसू शकतात आणि नाडी जलद चालते. सर्दीच्या काही औषधांमधील नाक मोकळे करणाऱ्या घटकांमुळे रक्तदाब चढतो. सूज उतरण्यासाठी डॉक्टरांनी स्टिरॉइड दिले असेल तर रक्तातील साखर वाढते. हे सर्व आकडे घसा बरा झाल्यावर पूर्ववत होतात. परंतु कंपनीच्या फाइलमध्ये ते तसेच राहतात आणि मग रक्तदाब, साखर व मूत्रपिंड यांविषयी नवे प्रश्न सुरू होतात.

म्हणून घसा पूर्ण बरा होऊन आणि औषधे थांबून साधारण दोन-तीन आठवडे उलटल्यानंतरच तपासणीची तारीख घ्यावी. तपासणी पुढे ढकलण्याची विनंती कंपन्या सहसा मान्य करतात. फोनवरून वैद्यकीय मुलाखत होणार असेल तर तिथेही हेच लागू आहे : घोगऱ्या आवाजात ‘मला काही त्रास नाही’ असे सांगणे ऐकणाऱ्याला पटत नाही, आणि त्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण होत असते.

थांबण्याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. अर्ज दिल्यानंतर आणि पॉलिसी हाती येण्यापूर्वी प्रकृतीत बदल झाला, तर तो कंपनीला कळवावा लागतो. पॉलिसी सुरू झाल्यावरही पहिले ३० दिवस अपघात वगळता अन्य आजारांसाठी दावा मिळत नाही. म्हणजे आज दुखणारा घसा पुढच्या आठवड्यात चिघळून दाखल व्हावे लागले, तर तो खर्च खिशातूनच जाणार. आधीची पॉलिसी खंड न पडता चालू असेल, तर ही अट पुन्हा लागत नाही.

निर्णय काय येऊ शकतो

एकदाच आलेल्या घसादुखीवर नेहमीच्या हप्त्यात पॉलिसी मिळते. त्रास चालू असेल किंवा तपासणी अपुरी असेल, तर प्रस्ताव काही काळ स्थगित ठेवला जातो. हा नकार नव्हे, आणि अहवाल दिल्यावर तो पुन्हा उघडतो. पुढच्या अर्जात ‘यापूर्वी प्रस्ताव नाकारला किंवा स्थगित झाला आहे काय’ असे विचारले, तर ते खरे सांगावे. झडपेचा आजार किंवा स्वरयंत्राची गंभीर व्याधी निघाली, तर हप्त्यावर वाढीव भार, विशिष्ट अटी किंवा नकार येऊ शकतो, आणि तो त्या आजारामुळे येतो, घशामुळे नव्हे. वाढीव हप्त्याचा प्रस्ताव आला तर तो नेमका कोणत्या नोंदीमुळे आला ते लेखी विचारावे आणि मगच होकार द्यावा. पॉलिसी हातात आल्यावरही ३० दिवसांचा परतीचा काळ मिळतो; अटी पटल्या नाहीत तर त्या मुदतीत ती परत करता येते.

टॉन्सिल-अॅडेनॉइडच्या शस्त्रक्रियेसाठी बहुतेक पॉलिसींत विशिष्ट आजारांचा प्रतीक्षा कालावधी, म्हणजे ज्या मुदतीत त्यांचा दावा मिळत नाही असा काळ, असतो, बहुधा २४ महिन्यांचा; सायनस आणि नाकाच्या वाकड्या पडद्याच्या शस्त्रक्रियाही बहुधा त्याच यादीत असतात. त्याशिवाय पॉलिसी सुरू होण्यापूर्वीच्या ३६ महिन्यांत ज्या आजाराचे निदान झाले किंवा ज्यावर वैद्यकीय सल्ला वा उपचार घेतले, तो आधीपासूनचा आजार धरला जातो. २०२४ च्या नियमांनुसार त्याचा प्रतीक्षा कालावधी जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येतो. त्यामुळे मुलाची टॉन्सिल काढावी लागणार असे डॉक्टरांनी सांगितल्यावर धावत जाऊन पॉलिसी घेण्यात अर्थ नाही. ती शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात करून घ्यावी, २०१६ पासून चालू असलेल्या गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत ती बसते काय हे रुग्णालयात विचारावे, आणि खासगी पॉलिसी पुढच्या आयुष्यासाठी घ्यावी. पालकांना हे सांगताना मला नेहमी अवघड जाते, कारण त्यांना पॉलिसी हवी असते ती नेमकी त्याच खर्चासाठी.

लपवले तर काय, नाकारले तर काय

दाव्याच्या वेळी कंपनी किंवा टीपीए (कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था) जुने केसपेपर मागवतात, आणि दाखल करून घेताना डॉक्टरांनी विचारलेल्या ‘हा त्रास कधीपासून?’ या प्रश्नाला नातेवाईकांनी दिलेले उत्तर तिथेच लिहिले जाते. ‘पाच वर्षांपासून’ असे कोणी सहज बोलून गेले, की अर्जातील ‘नाही’ उघडे पडते. घाबरलेल्या नातेवाइकाला नेमकी वर्षे आठवत नाहीत. म्हणून तारखांचा एक कागद घरात सापडेल असा ठेवावा. जोखमीचा अंदाज घेताना विमा कंपनीच्या निर्णयावर परिणाम करू शकणारी महत्त्वाची वस्तुस्थिती सांगणे हे विमेदाराचे कर्तव्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केले. उलट दिशेने २०१५ मध्ये आयुर्विम्याच्या एका प्रकरणात, न सांगितलेल्या पाठीच्या दुखण्याचा मृत्यूच्या कारणाशी संबंध नसल्यामुळे दावा नाकारता येणार नाही, असेही याच न्यायालयाने म्हटले. तरीही दुसऱ्या निकालावर विसंबून घसा लपवू नये. न्यायालयापर्यंतचा काळ फार लांबतो.

सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिल्यानंतर माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही; अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. ही मुदत पूर्वी आठ वर्षांची होती, ती २०२४ मध्ये पाचवर आली. या काळात राहून गेलेली गोष्ट आठवली, तर दाव्याची वाट न पाहता कंपनीला लेखी कळवावी आणि पोच घ्यावी.

घशाच्या जुन्या नोंदीचा आधार घेऊन दावा नाकारला गेला, तर प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही ती नोंदवता येते. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. ५० लाख रुपयांपर्यंतचे वाद तिथे चालतात, शुल्क लागत नाही आणि वकील लावता येत नाही. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत तक्रार गेली पाहिजे. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग वेगळा उपलब्ध असतो. नव्या प्रस्तावाला मिळालेल्या नकाराविरुद्ध मात्र यांतल्या कोणत्याही वाटेने फारसे हाती लागत नाही. तिथे दुसऱ्या कंपनीकडे संपूर्ण कागदांसह जाणे हेच व्यवहार्य असते.

तक्रारीसोबत प्रस्ताव अर्जाची प्रत, नाकारल्याचे पत्र, घसादुखीच्या वेळचा तारीख असलेला केसपेपर आणि ‘सध्या घशाचा कोणताही आजार नाही’ असे कान-नाक-घसा तज्ज्ञाचे प्रमाणपत्र जोडावे. प्रस्ताव अर्जाची प्रत पॉलिसीसोबत येते; ईमेलवर आली असेल तर ती छापून केसपेपरांच्या त्याच पिशवीत ठेवावी.